पांडुभाऊ ग्राफिक्स कार्ड निवडतात

डिसेंबरातला दुसरा रविवार, सन २००६. स्थळ: कल्याणमधलं कॉम्प्युटरचं दुकान. हजर: दुकानाचे शेठ, मी, पांडुभाऊ, आणि काउंटरवर एक ग्राफिक्स कार्ड, ज्याच्या पाठीवर पांडुभाऊ थाप मारत होते.

"अंगात बरं हाय," ते म्हणाले. "चालवून दाखवा जरा."

शेठनी कार्डावरचा छोटा पंखा बोटाने फिरवून दाखवला. पांडुभाऊंनी कार्ड उलटं करून खालच्या सोनेरी पट्ट्या न्याहाळल्या. "दात पुरे हायेत," त्यांनी मला कळवलं.

पांडुभाऊ आमचे मुरबाडचे शेजारी. भातशेती करतात, पण त्यांचं नाव आहे ते बैलांमुळे. जवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायला शहापूरपर्यंतचे लोक त्यांना सोबत नेतात. त्यामुळे झालंय असं, की कुठलीही वस्तू ते बैलासारखीच घेतात. फ्रिजला तीन फेऱ्या मारतात. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं होतं आणि "डाव्या पायात जरा आळस हाय" असा शेरा मारला होता. लग्न झालं. आळस खरा निघाला, पण तो डाव्या पायापुरता नव्हता.

कॉम्प्युटर हवा होता मंगलसाठी. मंगल त्यांची एकुलती एक मुलगी, कल्याणला वसतिगृहात राहून शिकणारी. आई गेल्यापासून तिचं घरी येणं कमी होत गेलं होतं. दिवाळीला आली तीही दोन दिवसांत निघाली. जाताना म्हणाली, रविवारी मैत्रिणीच्या घरी आम्ही कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतो, इथे काय करू? आता ती यायची होती जत्रेला. त्याआधी तोच खेळ पळवणारं यंत्र घरात बसलं पाहिजे, असा पांडुभाऊंचा हट्ट. बाहेर मात्र ते "अभ्यासाला" असं सांगत.

आमच्या पतसंस्थेत कॉम्प्युटर आहेत, म्हणून मला सोबत नेलं. मी यादी केली होती. यादीतलं पहिलंच कलम: सगळे भाग एकाच दुकानातून घेणे.

शेठनी समजावलं, "काका, प्रोसेसर फास्ट आणि कार्ड स्लो, तर गेम अडकणार."

"म्हंजे एक बैल वढतो नि दुसरा रांगतो. जोडी जमाय पायजे, शेठ!" पांडुभाऊ खूश झाले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल शेठच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. शेठ माझ्याकडे मदतीसाठी पाहत होते. मी म्हणाले, "बोटं दाबा, ते समजतील." सौदा झाला.

"आता प्रोसेसर नि बोर्ड दाखवू?" शेठनी विचारलं.

"तुमच्याकडं नाय. वहिनी, चला पुढल्या दुकानात."

"अहो, यादीत काय लिहिलंय?"

"तुमच्या यादीनं बैल घेतलाय का कदी? एका दावणीची जोडी घेऊ नाय. मालक एकाची खोड दुसऱ्याच्या आड खपवतो."

तर प्रोसेसर, बोर्ड आणि बाकीचे भाग दुसऱ्या दुकानातून आले. बोर्डाचं खोकं लाल बघून घेतलं, कारण कार्डाचंही खोकं लाल होतं. जोडी रंगात मिळाली.

दुसऱ्या संध्याकाळी आमच्या पतसंस्थेची यंत्रं सांभाळणारा संदेश ते जोडायला आला. कार्ड हातात घेऊन बराच वेळ वाकून बसला. मग म्हणाला, "काका, हे जुन्या पद्धतीचं आहे. बोर्डावर त्याची खाचच नाही."

"दाबून बग."

"मोडेल."

पांडुभाऊ मटकन ओट्यावर बसले. "दात मोजले मी," ते हळूच म्हणाले, "जबडा बगितलाच नाय."

मी बदलून आणू म्हटलं, तर त्यांनी नकाराची मान हलवली. दावं हातात घेतलं की जनावर आपलं, हा त्यांचा नेम. एका वर्षी त्यांनी घेतलेला बैल पहिल्याच चढणीला खाली बसला होता. तरी परत केला नाही. त्याचं नाव 'साहेब' ठेवलं आणि मरेपर्यंत बसवून खायला घातलं. आता कार्डही साहेब होणार, हे मी गृहीत धरलं.

सकाळी दारात पांडुभाऊ उभे. कार्ड टॉवेलात गुंडाळलेलं, काखेत बोर्डाचं खोकं.

"वहिनी, कल्याणला चला. परत करायचंय."

"तुम्ही? परत?"

"म्हशात कुनाला बोलू नका, बस."

दुकानात त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "शेठ, उभ्या जन्मात दावं परत केलं नाय. आज करतो."

शेठना दाव्याचं काही कळलं नाही. "अरे काका, टोपी घाला. बदलून देतो. एवढं काय?"

"पोरगी जत्रेला येते," पांडुभाऊ कार्डाकडे बघत म्हणाले. "सकाळी येते, सांजला जाते. तिची चूक नाय. घरात मी नि भिंती. मला बोलायला बैलाबिगर काय येत नाय. ह्या टायमाला रात राहिली तर... म्हनून."

शेठनी बोर्डाचं खोकं मागून घेतलं, त्याला जुळणारं कार्ड काढलं, लावून, चालवून दाखवलं. वरचे पैसे शेठ म्हणतील तेवढे पांडुभाऊंनी दिले. कार्ड सोडून खांद्यावर टाकलेला टॉवेल या वेळी भाव करायला खाली उतरलाच नाही.

यंत्र आता घरात सुरू आहे. पांडुभाऊ रोज संध्याकाळी सराव करतात. पडद्यावरची लाल मोटार कठड्याला घासली की जीभ टाळ्याला लावून तिला चुचकारतात. मोटार ऐकत नाही.

काल त्यांनी माझ्याकडून मंगलला फोन लावून घेतला. मी शेजारीच होते. वालाला फुलं आली, गाय गाभण आहे, संदेशचं लग्न ठरलं, सगळं सांगून झालं. फोन ठेवला.

"कॉम्प्युटरचं?" मी विचारलं.

"आमिष दावल्यागत वाटंल, वहिनी. उद्या सांगतो."

जत्रा तोंडावर आली आहे. माझ्या यादीतली सगळी कामं खोडून झाली. 'मंगलला सांगणे' एवढं बाकी आहे.