बाईंच्या गप्प राहण्याची हकीकत

श्री. जी मुक्यास वाचा देते आणि बोलक्यास थांबण्याची बुद्धी देते, त्या शारदेस वंदन करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. समुद्रकाठी एक राज्य होते. तेथे कृष्णाबाई लोणकर म्हणोन तिसरीच्या वर्गाच्या बाई, सारी हयात मुलांत घालवून घरी बसल्या होत्या. परंतु शिकविल्यावाचून करमेना, मग फोनवर आपले चॅनेल उभारून मुलांस अपूर्णांक शिकवावे ऐसा मनसुबा त्यांनी केला. ते राज्यी नव्या चॅनेलवाल्यांचे मंडळ होते, आणि रिवाज ऐसा की, प्रत्येकाचा व्हिडिओ आधी मंडळाने पाहावा, खरे ते तोंडावर सांगावे, आणि मगच तो जगापुढे सोडावा. मंडळात आबाजी तांडेल जाळी विणावयास शिकवीत, आणि रोशनबी माशांचे कालवण दाखवीत.

बाईंनी भाकरीचे चार सारखे तुकडे केले, आणि पाव अधिक पाव किती ऐसे विचारून वर्गातल्याप्रमाणे उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. तो व्हिडिओ मंडळी पाहावयास बसली. आबाजी म्हणाले, फोन अडकला वाटून आपण तो दोनदा बंद करून चालू केला. रोशनबींनी आपला फोन मांडीवर आपटला होता. मग मसलत ठरली की, एवढे गप्प राहिल्यास माणूस निघून जाईल, सबब ती जागा कापावी. बाईंनी मान तुकविली आणि कापली. परंतु मंडळीसमवेत पुन्हा पाहता, प्रश्न पुरा होतो न होतो तोच आपणच उत्तर देणारी बाई त्यांस दिसली. गप्प राहावे तर कोणी थांबणार नाही, आणि बोलावे तर शिकविणे राहणार नाही. मग त्या मंडळास म्हणाल्या, "माझ्याच्याने हे व्हायचं नाही. चॅनेल राहू द्या."

तेव्हा रोशनबी म्हणाल्या, "बाई, ऐका. पहिल्या वेळी मी फोन आपटला खरा, पण तोंडातून 'अर्धी' निघालं. दुसऱ्या वेळी, कापल्यावर, काहीच निघालं नाही. मी नुसती बघत राहिले."

आबाजी म्हणाले, "मग गप्पच राहा. पण मान हलवा, भुवया उडवा. फोन मेला नाही, एवढं कळू दे म्हणजे झालं."

मग बाईंनी नवी भाकरी भाजली, प्रश्न केला, आणि कानाशी हात नेऊन, मान डोलावीत थांबल्या. मंडळाने संमती दिली. व्हिडिओ सुटला. बाई फोन उघडीत आणि मिटीत. दुपार कलली, कोणी फिरकेना, आणि आपण भलत्या वयात भलते धाडस केले ऐसे त्यांस वाटू लागले. इतक्यात व्हिडिओखाली कोणा अनोळखी मुलाने लिहिले : "दोन पाव."

बाई मोठ्याने हसल्या. डोळे पुसले. आणि चष्मा लावून एकेक अक्षर शोधीत उत्तर लिहिले, "अगदी बरोबर. आता ते दोन्ही शेजारी ठेव आणि सांग बाळा, भाकरी केवढी झाली?"

आणि थांबल्या.

येणेप्रमाणे ते राज्यी चॅनेल उभे राहिले. मंडळाने खरे सांगितले आणि बाईंनी ऐकिले, म्हणोन राहिले. लेखनसीमा.