दातांच्या दवाखान्यासाठी मंद संगीत

माणसानं एकदा मनावर घेतलं की त्याला कुणीही अडवू शकत नाही, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगू शकतो. मी मनावर घेतलं, की नोकरी पुरे. दिवसभर दुसऱ्याच्या फायली इकडच्या तिकडे करायच्या आणि गिटार कपाटावर धूळ खात पडू द्यायची, हे माझ्यासारख्या कलावंताला शोभत नाही. आपलं संगीत आपण करायचं, आपणच ते विकायचं आणि आपल्या डोक्यावर साहेब म्हणूनही आपणच बसायचं. राजीनामा लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर अशा झोकात ठेवला की त्यांच्या कपातला चहा बशीत आला.

साहेब तसे भले. त्यांनी आधी चहा पुसला, मग राजीनामा वाचला, आणि तो खणात टाकून म्हणाले, की महिनाअखेरपर्यंत हा इथेच पडून राहील, तोवर डोकं ठिकाणावर आलं तर येऊन घेऊन जा. मी मनातल्या मनात हसलो. बायको मात्र मनातही हसली नाही. घर दोघांच्या पगारावर चालतं, एकाच्या पगारावर ते लंगडी घालेल, असं तिचं म्हणणं. महिनाअखेरपर्यंत एक तरी कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर तिची हरकत नव्हती. नाही मिळालं तर मी निमूटपणे तो कागद परत आणायचा, असं ठरलं.

मी लगेच कामाला लागलो. ऑफिस सुटल्यावर आमच्या बेडरूममध्ये माझी कंपनी भरायची. तिच्यात संगीतकार मी, वादक मी, विक्री मी आणि तक्रार विभागही मीच. फोन आला की आधी बारीक आवाजात "थांबा, सरांना देतो" म्हणायचं, थोडं खाकरायचं आणि मग जाड आवाजात बोलायचं. बायकोच्या मते दोन्ही आवाज एकाच माणसाचे वाटतात, फक्त दुसऱ्याला सर्दी झालेली असते. तिला व्यवसायातलं कळत नाही.

कंपनीला पाटी हवी म्हणून मी हॉलच्या भिंतीवर दोन खिळे ठोकले. त्यातला एक जरासा वाकडा गेला. जरासा म्हणजे पाटी लावली की कंपनी बुडत चालल्यासारखी दिसे. माझे वडील निवृत्त आहेत, आणि घरातली कुठलीही वाकडी वस्तू त्यांच्या डोळ्यांत खुपते. ते रोज पाटीसमोर उभे राहून मान तिरपी करायचे आणि माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडायचे.

आणि गिऱ्हाईक मिळालं. एका दातांच्या डॉक्टरबाईंना वाट बघणाऱ्या पेशंटसाठी मंद संगीत हवं होतं. आतल्या मशीनचा आवाज ऐकून बाहेरची माणसं घाबरायची, तर त्यांना शांत करील असं काहीतरी वाजवून द्या, म्हणाल्या. पेशंटना ते आवडलं तर दर महिन्याला नवीन संगीत माझ्याकडूनच घेणार होत्या. कायमचं गिऱ्हाईक म्हणतात ते हेच! मी बायकोकडे असं पाहिलं, की तिनं विचारलं, मान अवघडली आहे का.

सुट्टीच्या दिवशी मी बेडरूमचं दार लावून घेतलं, गाद्या-उशांचा कोट रचला आणि वाजवायला बसलो. संगीत इतकं मंद होतं, की ते टिपायला माइकचा आवाज पार वर न्यावा लागला. तारेवर बोट टेकलेलंही ऐकू यायला हवं होतं. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, मी आणि माझी कला. बाहेरच्या जगाशी संबंधच नव्हता. बाहेरच्या जगात नेमके त्याच वेळी बाबा स्टुलावर चढले होते.

रेकॉर्डिंग झाल्यावर सुरुवातीचं थोडं ऐकलं, छान वाटलं, पाठवून दिलं. सगळं का नाही ऐकलं, असं बायको आजही विचारते. पण स्वतःच्याच गाण्यात रमून बसणारा माणूस कलावंत होतो, उद्योजक नाही. मी दोन्ही होतो, त्यामुळे मला वेळ नव्हता.

त्याच सुमारास साहेबांचा दात दुखायला लागला. मी उदारपणे त्यांना त्याच दवाखान्याचा पत्ता दिला. संगीत माझं आहे, तुम्ही ऐकाच, तुमचं दुखणं अर्धं तिथेच जाईल, असंही सांगितलं. साहेबांनी महिन्याच्या शेवटच्या दिवशी जायचं ठरवलं. माझं संगीतही दवाखान्यात त्याच दिवशी पहिल्यांदा वाजणार होतं. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी बसलो होतो, अभिनंदनाच्या फोनची वाट पाहत.

फोन आला. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या ताई होत्या. मी सरांना देतो म्हणालो, खाकरलो.

"सर, तुमचं संगीत बोलतंय," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, चांगलं संगीत माणसाशी बोलतंच.

"तसं नाही. बोलतंय. आणि पेशंट उठून चाललेत. तुम्ही आधी या."

मी गेलो. वाट बघायच्या खोलीत खुर्च्या बऱ्याच आणि माणसं थोडी होती. जी होती ती गालावर हात ठेवून भिंतीवरच्या स्पीकरकडे टक लावून बसली होती. कोपऱ्यात साहेब. इंजेक्शन देऊन, गाल बधिर व्हायला म्हणून त्यांना पुन्हा बाहेर आणून बसवलं होतं. ते माझ्याकडे पाहत होते, पण कौतुकानं नव्हे. ताईंनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. माझी गिटार झऱ्यासारखी झुळझुळत होती. आणि तिच्यामागून, हळू पण स्वच्छ, माझ्या वडिलांचा आवाज आला.

"सूनबाई, पक्कड दे. ही नको, मोठी दे."

"बाबा, आधी चष्मा लावा." ही माझी बायको.

"सापडत नाही. असू दे, अंदाजानं काढतो."

गिटारचा एक फार नाजूक तुकडा.

"हलतोय का?"

"हलतोय. वाकडा आहे मेला."

"अहो बाबा, तो नाही! शेजारचा धरलात तुम्ही. तो चांगला आहे."

"धरलाच आहे तर हाही काढू. एकदम सुटका."

मग एक 'कट्ट' असा आवाज. माझ्या गिटारमधून असा आवाज निघत नाही.

"तुटला?"

"अर्धा आत राहिला. तू जरा छिन्नी आण."

एक आजोबा उठले आणि काठी टेकत दाराकडे निघाले. एका बाईनं ताईंना दबक्या आवाजात विचारलं, की डॉक्टरबाईंचे सासरेसुद्धा दात काढतात का, आणि काढत असतील तर त्यांना चष्मा कुणी करून का देत नाही.

मराठी व्याकरणाचा मला शाळेतसुद्धा इतका राग आला नव्हता. खिळा पुल्लिंगी आणि दातही पुल्लिंगी! बाबा त्या दिवशी खिळ्याऐवजी एखादी खुंटी काढत असते, तर 'ती हलतेय' ऐकून ही माणसं निर्धास्त बसली असती. मग लक्षात आलं, की खुंटी असती तर लोकांना ती दाढ वाटली असती. सुटका कशातच नव्हती.

मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि समजावून सांगितलं. तो आवाज आतला नाही, आमच्या घरातला आहे. दात नाही, खिळा आहे. ते डॉक्टरबाईंचे सासरे नाहीत, माझे वडील आहेत. लोकांच्या चेहऱ्यावर विश्वासाचा लवलेशही उमटला नाही. एक गृहस्थ म्हणाले की पकडले गेल्यावर सगळे असंच म्हणतात. आता पुरावा दिल्याशिवाय इलाज नव्हता. मी बायकोला फोन केला आणि बाबांना घेऊन ताबडतोब ये म्हणालो.

इथे माझं चुकलं, ते वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात. मी म्हणालो, "आणि पुरावा म्हणून काय असेल ते घेऊन या."

बाबा कुठलंही काम अर्धवट करत नाहीत. ते दवाखान्याच्या दारात आले तेव्हा त्यांच्या उजव्या हातात मोठी पक्कड होती, डाव्या हातात छिन्नी होती आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. घाईत तो पुन्हा सापडला नव्हता, असं बायको नंतर म्हणाली. बाबांनी डोळे बारीक करून खोलीभर पाहिलं आणि त्याच, अगदी त्याच आवाजात विचारलं, "कुणाला शंका आहे?"

कुणालाच नव्हती. खोली रिकामी व्हायला जेमतेम एक कडवं गाऊन होईल इतका वेळ लागला.

सर्वांत शेवटी साहेब उठले. अर्धा चेहरा लोंबत होता, गळ्याला दवाखान्याचा कागदी रुमाल तसाच होता. ते माझ्यासमोर थांबले, माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि बधिर ओठांतून एकच शब्द ढकलला.

"राजीनामंजूर."

आणि निघून गेले.

माझा ऊर भरून आला. काय माणूस आहे! आपल्यापायी त्यांची ही दशा झाली, घरी परत त्याच दुखऱ्या दातासकट चाललेत, आणि तरी जाता जाता राजीनामा नामंजूर करून गेले. नोकरी शाबूत होती. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. मी अवघडून उभा होतो तो एकदम ताठ झालो.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, पकडीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, की वादन चांगलं आहे. पेशंटचं मी बघते, ते येतील परत. हा बोलण्याचा भाग काढून टाका, पुढच्या महिन्याचं वेगळं द्या, आपण चालू ठेवू.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं. मी तेव्हा नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण नोकरी शाबूत असलेल्या माणसाचा आवाज फार मोठा असतो. मी म्हणालो, "कलाकृतीतला एक श्वाससुद्धा मी कुणाच्या सांगण्यावरून कापत नाही. दुसरा कुणीतरी पाहा."

डॉक्टरबाईंनी दुसरा पाहायचं ठरवलं. त्यांना फारसा वेळ लागला नाही.

घरी जाताना बायको माझ्या चार पावलं पुढे चालत होती, बाबा वाटेत येणाऱ्या प्रत्येक पाटीकडे मान तिरपी करून पाहत होते, आणि मी एकटाच खुशीत होतो. शेवटी मी तिला आनंदाची बातमी सांगितली. तिनं विचारलं, "नक्की नामंजूर म्हणाले?"

"माझा कान आहे तो," मी म्हणालो. "केसाएवढा सूर हलला तरी कळतो मला."

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते आणि माझ्याच पेनानं लिहीत होते. मी त्यांना नम्रपणे उठायला सांगितलं. त्यांनी तितक्याच नम्रपणे मला, कोण हवंय, असं विचारलं. एवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. मी दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्या मोठ्या मनाबद्दल बोलायला लागलो. साहेबांनी मला मध्येच थांबवलं.

"राजीनामा," ते म्हणाले. मग थांबले, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "मंजूर."

साहेबांचा गाल आता बरा असावा. उच्चार अगदी स्वच्छ होता.