औषधाचा गुण

फळमाशीनं सोमवारी सकाळी भिवसेन आबांना कारल्याच्या मांडवाखाली गाठलं आणि औषध बदलून मागितलं.

आबांनी पाठीवरचा पंप उतरवलाही नाही. कारल्यांची पहिली तोड सगळी किडकी निघाली होती. दुसरी तशीच निघाली तर मांडव मोडायचा, असं त्यांच्या बायकोनं, येसाईनं, ठरवून टाकलं होतं. माशीशी बोलत बसायला वेळ कुणाला होता?

"काय झालंय औषधाला?" ते खेकसले.

"गुण येत नाही, आबा. आजीच्या वेळी एका फवाऱ्यात सगळं घर गाढ झोपायचं. आता नुसती शिंक येते."

"अगं भवाने, तुम्ही मरावं म्हणून मारतो मी ते!"

"मग औषध कशाला म्हणता?"

तीस वर्षं आबा त्याला औषधच म्हणत आले होते. दुकानदारही औषध म्हणूनच देत होता. शाळा दुसरीत सुटलेली, डब्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. आणि सगळा गाव बोलतो तो शब्द एका माशीपुढं मागं घ्यायचा, हे त्यांना जमणारं नव्हतं.

"नेमानं घेता का?"

"दर सोमवारी. एकदाही चुकवलं नाही."

"जीभ काढ."

माशीनं काढली. आबांनी चष्मा सावरून बघितली आणि हूं केलं. "पथ्य काय पाळता?"

"लेकरं कारल्याशिवाय कशाला तोंड लावत नाहीत."

"तिथंच चुकतंय! कारलं बंद. बांधापलीकडं कवंडळाचा रानवेल आहे, त्यावर राहा."

"आणि औषध?"

"तेही बंद. आधी पोट साफ होऊ दे."

"कधीपर्यंत?"

"माझा वेल वाळेपर्यंत. निघ आता."

माशीनं पुढचे पाय जोडून चोळले आणि गेली.

दुसरी तोड निघाली. येसाईनं एकेक कारलं उलटंपालटं करून पाहिलं. एकालाही डंख नव्हता. मांडवाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

पुढच्या सोमवारी आबा दार उघडून बघतात, तर ओट्याखाली रांग. टोमॅटोवरची पांढरी माशी होती, वांग्यातली अळी होती, आणि शेजारच्या कोंडाजीच्या कोबीवरचा मावा तर सहकुटुंब आला होता.

"तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात," अळी म्हणाली.

"एकेक या! घुसाघुशी केलीत तर कुणालाच बघणार नाही."

आतून येसाई ओरडली, "अहो, आधी हात धुवा! पंप धरलेले हात आहेत ते."

आबांनी साबण लावून हात धुतले आणि पहिलीला जीभ काढायला सांगितली.