उत्तरेला गेलेली मुलं

दक्षिण विभाग यंदा तळातून वर आला, तर त्या विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांना मुख्यालयातली उपसंचालकाची खुर्ची मिळण्यासारखी होती. खुर्चीबरोबर गाडी होती, संचालकबाईंच्या शेजारची खोली होती. पण खरा लाभ वेगळाच होता. उत्तर विभागाचे शिक्षणाधिकारी हे त्यांचे सख्खे साडू. शाळा पुरी करणाऱ्या मुलांच्या प्रमाणात उत्तर दरवर्षी पहिली, दक्षिण दरवर्षी शेवटची, आणि सासऱ्यांच्या घरी सगळे जेवायला जमले, की साडूभाऊ घास घेता घेता विचारायचे, "काय म्हणतेय दक्षिण? मुलं येतात का अजून शाळेत?" हा प्रश्न एकदाचा बंद पडणं अधिकाऱ्यांना खुर्चीहून मोलाचं वाटत होतं.

दक्षिणेतली मुलं काही डोक्यानं कमी नव्हती. तिकडे गोदामं होती, कारखाने होते; हाताला काम लवकर मिळायचं म्हणून दप्तर लवकर सुटायचं. उत्तरेत आईबाप खुर्चीवर बसून कमवायचे, त्यामुळे मुलांनाही बाकावर बसून राहण्यात काही गैर वाटत नसे. साडूभाऊ मात्र हे सगळं स्वतःच्या देखरेखीचं फळ समजत.

त्यात अधिकाऱ्यांच्या घरातही दक्षिणेचीच हवा शिरली होती. एकुलते एक चिरंजीव शेवटच्या वर्षी शाळा सोडून कोपऱ्यावरच्या गॅरेजात बसले होते. अधिकाऱ्यांनी ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. चिरंजीव संध्याकाळी काळे हात घेऊन यायचे आणि दोन पोळ्या जास्त खायचे. बायकोनं एकदाच काय ते सांगितलं. "विभागाचं राहू द्या. आपल्या घरात मूल एक, आणि तेच गळलं. तुमच्या विभागालाही इतकं जमलेलं नाही."

तोड सुचवली ती हेडक्लार्कनं, आणि तीही सुचवतोय असं न दाखवता. नियम असा होता, की मूल शाळेतून नुसतंच नाहीसं झालं तर ती त्या विभागाची गळती. पण दाखला घेऊन दुसऱ्या विभागात गेलं, तर इथल्या पटावरून उतरून तिकडच्या पटावर चढायचं. दाखला निघाला की संगणक मुलाला आपोआप नव्या शाळेत बसवायचा. त्या शाळेला विचारायची पद्धत नव्हती. मुलाला कुणी प्रवेश नाकारू नये, म्हणून मोठ्या कळकळीनं तशी सोय केलेली होती.

"आपली मुलं कामाला गेली, हे खरं," हेडक्लार्क म्हणाला. "पण गेली कुठं, हे कुणी लिहिलंच नाही. 'माहीत नाही' असं लिहिलेलं संगणक घेत नाही."

अधिकाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. माणसं पोटापाण्यासाठी कुठंही जातात, उत्तरेलाही जात असतीलच. तेव्हा उत्तर विभाग लिहायला हरकत नव्हती. मनाला एवढं पटवून त्यांनी यादीतल्या पहिल्या दाखल्यावर सही केली.

यादी संपता संपता हेडक्लार्क खाकरला. "साहेब, यात आपले चिरंजीवही आहेत. त्यांना राहू द्यायचं, की पाठवायचं?"

"नियम सगळ्यांना सारखा," अधिकारी म्हणाले, आणि आपल्या निःस्पृहपणाचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

वार्षिक बैठकीत दक्षिण विभाग पहिला आला. उत्तरेचा पाय असा घसरला, की ती तळाला जाऊन बसली. साडूभाऊंनी घसा साफ करून पाहिला, पाणी पिऊन पाहिलं, आणि शेवटी कबूल केलं की त्यांच्या शाळांत अशी मुलं निघाली आहेत, जी पटावर आहेत पण वर्गात कुणी पाहिलेली नाहीत. अधिकाऱ्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतः साडूभाऊंच्या पानात आग्रह करून वाढलं, आणि घास त्यांच्या तोंडाशी जाईपर्यंत वाट पाहून विचारलं, "काय म्हणतेय उत्तर?"

आयुष्यातलं ते सर्वात चविष्ट जेवण. ते पचेपर्यंत दुपारचं सत्र सुरू झालं.

संचालकबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या माणसानं दक्षिण वर काढली, तो दक्षिणेत बसून वाया जातोय. त्यानं उत्तरेला जावं, पटावरची मुलं शोधून काढावीत आणि परीक्षेला बसवावीत. उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी दक्षिण सांभाळावी. तिथं आता बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही. उपसंचालकाची निवड नंतर होईल.

"मॅडम, दक्षिणेला माझी अजून गरज आहे," अधिकारी म्हणाले.

"आकडे तसं म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या.

आकड्यांना खोटं पाडायचं, तर आधी स्वतःला खोटं पाडायला हवं होतं. अधिकारी खाली बसले.

महिन्याच्या आत दोन्ही बहिणींनी घरं बदलली. बायकोनं ताईला फोनवर कुठला नळ गळतो ते सांगितलं, ताईनं इकडची कुठली खिडकी लागत नाही ते सांगितलं. मुलाला एकटं मागे ठेवायला बायको तयार नव्हती, म्हणून गॅरेज सोडून चिरंजीवही फुरंगटून उत्तरेला आले. अधिकाऱ्यांनी मुलांचा शोध सुरू केला. एक मुख्याध्यापक म्हणाले, मुलं असती तर आम्हीच शोधली नसती का? दुसऱ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेनं विचारलं, की साहेब, ही सगळी एकाच महिन्यात, एकाच दिशेनं आलेली दिसतात, तिकडे काही साथ वगैरे होती का? मुलं खरोखर कुठं आहेत, हे अधिकाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं. ती दक्षिणेत गोदामांत पेट्या उचलत होती. पण तिथून ओढून आणायची, तर साडूभाऊंना विचारावं लागणार होतं, आणि विचारलं तर सांगावं लागणार होतं.

खात्रीचा पत्ता असलेलं मूल एकच होतं. ते रोज समोर बसून जेवत होतं.

"तुझं नाव इथल्या शाळेत आहे," अधिकारी एका संध्याकाळी म्हणाले.

"मी कधी घातलं?"

"तू नाही. मी."

चिरंजीवांनी ताटातून मान वर केली. बापानं जे सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गॅरेजात राहून एक सवय लागलेली होती. समोरच्याची गाडी किती अडली आहे, हे आवाजावरून ओळखायची.

"म्हणजे मी शाळेत गेलो नाही, तर तुम्ही अडकणार."

"तसं म्हणायला..."

"बाबा, सरळ सांगा."

"अडकणार."

"मग जातो," चिरंजीव म्हणाले. "पण गणित तुम्ही शिकवायचं, रोज. शिकवणीला पाठवायचं नाही. आणि ओरडायचं नाही."

बायको भांडी आवरताना थांबली. इतके दिवस ओरडून, समजावून, अबोला धरून जे झालं नाही, ते बाप अडकल्यावर झालं होतं. तिनं तोंड फिरवून हसून घेतलं.

अधिकारी रोज कचेरीतून येऊन बीजगणिताला बसू लागले. पहिले काही दिवस चिरंजीवच त्यांना शिकवत होते. परीक्षा झाली, निकाल लागला, चिरंजीव पास झाले. उत्तर विभाग त्या वर्षीही तळालाच राहिला, पण एका मुलानं वर सरकला, आणि अहवालात त्याची 'सुधारणा' म्हणून नोंद झाली.

आता मिळकत कुणाची आणि झळ कुणाला, ते पाहू. उपसंचालकाची खुर्ची साडूभाऊंना मिळाली, कारण निवडीच्या दिवशी पहिला विभाग त्यांच्याकडे होता. दाखले मिळालेली बाकीची मुलं पटावर उत्तरेत आणि कामावर दक्षिणेत राहिली. त्यांना दोन्हीकडून काही मिळालं नाही. दक्षिणेतल्या गॅरेजवाल्याचा या भानगडीशी सुतराम संबंध नव्हता, पण त्याचा सगळ्यात चांगला कारागीर गेला, आणि त्याच्यापायी येणारी अर्धी गिऱ्हाइकंही तुटली. अधिकाऱ्यांची स्कूटर थंडीत बंद पडली. चिरंजीवांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कार्ब्युरेटर बिघडलाय म्हणून सांगितलं, आणि पुढच्या प्रवेशाचा अभ्यास आहे म्हणून आत निघून गेले. तेव्हापासून अधिकारी कचेरीत पायी जातात.