लस चुकण्याची कारणे

मुलाखत अकराला होती. साडेदहाला वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली पायजमा अशा वेशात प्राचीने गेटवरच्या शहाजीला इंटरकॉम केला. "कोणालाही वर सोडू नका. सईचे बाबा आले तरी नाही."

सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर कायम प्राध्यापकीसाठी आलेलं हे पहिलंच बोलावणं. दीड वर्षाच्या सईसमोर तिने मोबाईल लावून दिला. लहान मुलं आणि स्क्रीन यावर तिचा स्वतःचा लेख होता, पण सईला अजून वाचता येत नव्हतं.

लॅपटॉपवर तीन प्राध्यापक उगवले. मधले, डॉ. सुभाष, म्हणाले, "संशोधनाबद्दल सांगा."

"वंचित वस्त्यांमधल्या बाळांच्या लसी का चुकतात, सर. जासईत आम्ही पाहणी केली. तिथल्या आयांना..."

बेल वाजली. पोळ्या करणाऱ्या राजाबाईंनी पिठाच्या हाताने दार उघडलं. दारात आरोग्य केंद्राच्या आशा सेविका स्मिताताई, काखेत रजिस्टर.

प्राचीने घाईघाईत माइक बंद करायच्या ऐवजी कॅमेरा बंद केला आणि निर्धास्तपणे वळली. "ताई, वर कशा आलात?"

"तीनदा शहाजीनं परत धाडलं. आज त्याच्या नातीच्या डोसची आठवन करून दिली, तवा सोडलं. सईचा सोळा महिन्यांचा डोस राहिलाय मॅडम. कारन लिहायचंय."

"माझा इंटरव्ह्यू चालूय हो!"

"मंग पटापट सांगा. केंद्र लांब हाय?"

केंद्र बाल्कनीतून दिसत होतं. "नाही."

"मजुरी बुडते?"

"नाही."

"सासू पाठवत नाय?"

"सासू रोज फोन करून विचारते!"

"लशीची भीती?"

"अहो ताई, बिझी होते! पेपर लिहीत होते."

"कसला?"

प्राचीचा आवाज खाली आला. "लसी का चुकतात, त्यावर."

राजाबाईंचं लाटणं थांबलं.

"हे कारन फॉर्मात नाय," स्मिताताई म्हणाल्या. "कोनी बनवलाय काय म्हाईत. टावरातल्या एका बाईला विचारलं नाय त्यानं."

कोणी बनवलाय ते प्राचीला चांगलंच माहीत होतं. जासईच्या पाहणीतला तिचाच फॉर्म; पाहणीनंतर इथल्या केंद्रानेही तोच वापरायला घेतला होता.

"आईचं शिक्षन?"

"पीएच.डी."

"तो रकानाच नाय. शेवटचा दहावीपर्यंत हाय. तिथं टिक मारू?"

"मारा!"

लॅपटॉप खोकला. "मॅडम," डॉ. सुभाष म्हणाले, "कॅमेरा बंद आहे. आवाज मात्र छान येतोय."

प्राचीने कॅमेरा लावला. तोपर्यंत सई येऊन पायजम्याला लटकली होती.

"तर, या फॉर्ममधली त्रुटी काय?" डॉ. सुभाषांनी विचारलं.

प्राचीने एकदा स्क्रीनकडे, एकदा रजिस्टरकडे पाहिलं. सहा वर्षं गेलीच, असं समजून तिने खुर्ची सोडली. "माझ्यापेक्षा ताई नीट सांगतील, सर."

स्मिताताई ऐसपैस बसल्या. वस्तीत दारं उघडीच असतात, एका सकाळी वीस बाळांची नोंद होते. टॉवरमध्ये वॉचमन, इंटरकॉम, कुत्रा, आणि एवढं पार करून मॅडम मीटिंगमध्ये. वीस मिनिटं तिन्ही प्राध्यापक लिहून घेत होते. प्राची सईला कडेवर घेऊन मागे उभी होती, पायजम्यासकट. तिला एकही प्रश्न आला नाही.

चौथ्या दिवशी मेल आली. निवड झाली होती. पहिला प्रकल्प: टॉवरमधली बाळं. सल्लागार म्हणून स्मिताताईंना घ्यावं, अशी सूचना.

प्राची सईला घेऊन केंद्रात धावली. डोस झाला, सईने केंद्र डोक्यावर घेतलं. त्या गोंधळातच प्राचीने स्मिताताईंना बातमी सांगितली आणि हळूच विचारलं, "ताई, तेवढं शिक्षण बदलता का?"

"रजिस्टर वर गेलं मॅडम." स्मिताताईंनी शेजारच्या नर्सला कोपर मारलं. "बघ गो, दहावीवर परमनंट प्रोफेसर! माझी पोर उगाच बारावीला बसलीय."