तातेरावांची अकरा पिल्लं

तातेराव पुसेगावचे पोलीस पाटील. निजामाच्या अंमलात गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. घरात तो झेलायलाच कोणी नव्हतं. बायको द्वारकाबाई माहेरी जाताना बजावून गेल्या, "कोंबडीची अकरा पिल्लं हायेत. आल्यावर मोजून घेईन!"

दुसऱ्याच दिवशी दारच्या लिंबावर तांबड्या शेपटीचा ससाणा येऊन बसला. तातेरावांनी अंगणात बाज टाकून पहारा धरला. तो कधी येतो, मान कुठं वळवतो, कोणत्या फांदीवर टपतो, सगळं त्यांना पाठ झालं. (सरकारी काम इतक्या निष्ठेनं केलं असतं, तर एव्हाना तालुका मिळाला असता.) पण पापणी लवली की घात! रंगवलेल्या पिल्लाला ससाणा बिचकतो, असं सगळेच म्हणत. घरची हळद, पानाच्या डब्यातला चुना. घटकेत अकराही पिल्लं लालबुंद!

ससाण्यानं खाली पाहिलं, मान वाकडी केली आणि चक्क पाठ फिरवली. पाटलांनी मिशीला पीळ दिला.

पण पिल्लं कोंबडीनंही पाहिली. तिनं एकाला टोचलं, दुसऱ्याला उडवलं अन् ओरडत शेजारच्या सटवाजीच्या गोठ्यात पळाली ती पळालीच. थंडीचे दिवस, पिल्लं गारठून कलकलाट करू लागली. शेवटी पाटील अंगणात उकिडवे बसले, अंगावर घोंगडी ओढली आणि अकराही जणं आत शिरली. एक तर थेट धोतराच्या काष्ट्यात! तरी पाटील हलले नाहीत.

सटवाजी धावत आला. "पाटील, चावडीवर तपासणीला गिरदावरसाहेब येऊन राहिले!"

"मी येत न्हाई."

"काहून? काही तकलीफ?"

घोंगडी चिवचिवली.

"पोटात गडबड हाये," पाटील करारीपणानं म्हणाले.

"चिवचिव करून राहिलं की जी पोट!"

"करू दे! जीव गेला तरी उठणार न्हाई!"

पाटील घोंगडीत बसल्याच्या तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई परतल्या. घोंगडी उचलून त्यांनी पिल्लं मोजली. "बराबर अकरा हायेत."

पाटलांचा ऊर भरून आला.

"अन् कोंबडी कुठं हाय?"

"सटवाजीकडं. लेकरंच ओळखंना ती बाई."

द्वारकाबाईंनी डोईवरची पाटी खाली ठेवली. आत भुशात बारा अंडी होती.

"माहेरून उबवायला आणली व्हती," म्हणत त्यांनी ती एकेक करून घोंगडीखाली सरकवली. "आता उठू नका बरं. एकवीस दिवस तर लागतात."