सातव्या महिन्यातली बोई

मुआरा गेबांगच्या खाडीतल्या बोई माशामध्ये शिसे आणि पारा मर्यादेपेक्षा जास्त सापडला, तेव्हा मत्स्यखात्याने तातडीने उपाय योजला. मर्यादा तपासायला समिती नेमली.

समितीच्या असे लक्षात आले, की मर्यादेचा हिशेब भरल्या अंगाच्या माणसाच्या वजनावर केलेला असतो आणि खाडीकाठची माणसे पडली काटकुळी. म्हणजे दोष माशाचा नसून खाणाऱ्याचा होता. लोकांनी वजन वाढवावे, अशी शिफारस झाली. वजन कशाने वाढते, याची आरोग्यखात्याकडे विचारणा केली. उत्तर आले: मासे खाल्ल्याने.

हा निष्कर्ष जनतेला सोप्या भाषेत कळवण्याचे काम खात्याचे उपप्रमुख कुंचोरो यांच्याकडे आले. कुंचोरो भिडस्त गृहस्थ. नाही म्हणायचे असले की ते ‘बघतो’ म्हणत आणि साहेब त्याचा अर्थ ‘करतो’ असा घेत. त्यांनी पाटीसाठी मजकूर दिला: ‘येथील मासा धातुसमृद्ध असून योग्य वजनाच्या व्यक्तीस सुरक्षित आहे.’ रंगाऱ्याला जागा पुरेना, म्हणून त्याने ‘योग्य वजनाच्या व्यक्तीस’ एवढे गाळले. कुंचोरोंच्या ते लक्षात आले होते, पण तोवर पाटी वाळली होती.

एवढे करूनही बाहेरचे गिऱ्हाईक फिरकेना. मग खात्याचे प्रमुख बागास साहेब यांना सामुदायिक भोजनाची कल्पना सुचली. जिल्ह्याचे प्रमुख, म्हणजे बुपाती, सर्वांसमक्ष बोई खाणार होते. पण पुढाऱ्याने खाल्ले तर लोक नाटक म्हणतात. साहेबांनी त्यावरही तोड काढली.

“गर्भारशीनं खाल्लं तर कोण बोलणार? तुमची लेक सेकार सातव्यात आहे ना, कुंचोरो? तिचा सातव्या महिन्याचा विधी आपल्याच मांडवात करू.”

“बघतो, साहेब,” कुंचोरो म्हणाले.

घरी त्यांची बायको एंदा मिरच्या निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले. “पाटीवर लिहिलंत ना सुरक्षित म्हणून? मग वाढा की लेकीच्या ताटात.”

“अगं, नाही म्हटलं तर पाटी खोटी ठरेल.”

“आणि हो म्हटलं तर?”

विधीच्या दिवशी सकाळीच कुंचोरो फटफटीला बर्फाची पेटी बांधून डोंगरावर गेले आणि तिथल्या तळ्यातला मासा घेऊन मांडवाच्या मागच्या दाराने स्वयंपाकात शिरले. मासा केळीच्या पानात मसाला लावून भाजायचा होता. पानाच्या आत कोण आहे, हे कुणाला कळणार होते?

आचारीण लास्त्रीने त्यांची पेटी पाहिली आणि चूल फुंकत म्हणाली, “ठेवा तिकडे. बुपातींच्या ड्रायव्हरनं आणलेली वर आहे, तुमच्या साहेबांची तिच्याखाली. खाडीची बोई कुणालाच नको होती, तर आधी सांगायचं. उगीच घेऊन ठेवली.”

विधी थाटात झाला. सेकारच्या डोक्यावर फुलांचे पाणी पडले. एंदा रिवाजाप्रमाणे छत्रीखाली बसून तिखट-आंबट फळांचा रुजाक विकत होती आणि पाहुणे पैशांऐवजी कौलाचे तुकडे देऊन तो घेत होते. बुपातींनीही एक तुकडा दिला. खोट्या नाण्याला खरा माल मिळण्याची रीत जुनीच आहे. शेजारच्या टेबलावर मत्स्यखाते खोट्या मालावर खरा शिक्का मारत होते.

सेकारने घास घेतला. तिच्यापुढे माईक आला.

“चवीला छान आहे,” ती म्हणाली. “पण ही आपली बोई नव्हे.”

बुपातींचा घास हातातच राहिला.

“आपल्या बोईला चिखलाचा वास असतो. मला ओळखू येते, सासरी रोज दुपारी खाते मी. बाबांची पाटी आमच्या दारासमोरच आहे.”

बुपातींनी माईक ओढून घेतला. “ऐकलंत? आता चिखलाचा वाससुद्धा गेला. खात्याचं अभिनंदन करतो.” टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंचोरोंनीही टाळ्या वाजवल्या.

माणसे पांगल्यावर त्यांनी लेकीला बाजूला घेतले. “तू आता आमच्याकडेच राहा. मासा मी डोंगरावरून आणत जाईन.”

सेकारने रिकाम्या पेटीकडे पाहिले, मग बापाकडे. “आणि सासूबाई? नणंदेची पोरं?”

“बघतो.”

“तुमचं ‘बघतो’ मला लहानपणापासून ठाऊक आहे, बाबा.”

ती सासरी गेली आणि संध्याकाळी परत आली ती सासू, नणंद, पोरे, चटया आणि एक बकरी घेऊन. दुसऱ्या दिवशी शेजारी आले. उपप्रमुखांच्या घरी डोंगरातला मासा शिजतो, ही बातमी समितीच्या अहवालापेक्षा वेगाने पसरली. आठवड्याभरात गेबांगमध्ये बोई खाणारे कोणी उरले नाही.

खात्याने याची गंभीर दखल घेतली. स्थानिक खप शून्यावर आला, त्याअर्थी बोई ‘अतिरिक्त’ ठरली. अतिरिक्त माल बाहेर पाठवता येतो. त्यासाठी लागणारा दाखला कुंचोरोंनी लिहिला: ‘सात महिन्यांच्या गर्भारशीने सर्वांसमक्ष खाल्लेली.’ तो प्रत्येक खोक्यावर चिकटवतात. आता खोकी लांबलांब जातात, जिथे माणसे आधी दाखला बघतात आणि मग मासा.

तुम्हीही तसेच करता, हे उत्तम. शिक्का नीट उठलाय की नाही, ते कुंचोरो जातीने बघतात. तुम्ही फक्त वजन वाढवा.